क्षुरप्र ते खुरपे : बाणाचे पाते, कानस आणि धारेचा इतिहास

१/
बारामती तालुक्यातील वडगाव निंबाळकरच्या शिवारात खुरपणीला निघालेल्या बाईच्या हातात जे खुरपे असते, त्याच्या नावात एक बाण दडलेला आहे. 'खुरपे' हा शब्द संस्कृत 'क्षुरप्र' या शब्दापासून आला. क्षुर म्हणजे वस्तरा. क्षुरप्र म्हणजे वस्तऱ्यासारख्या धारेचा, रुंद पात्याचा बाण. महाभारतातील युद्धपर्वांत हा बाण धनुष्याच्या दोऱ्या, ध्वज आणि मस्तके छेदताना वारंवार भेटतो. पुढे तेच नाव गवत कापणाऱ्या अवजारालाही मिळाले.

२/
शस्त्र आणि अवजार यांना एकच नाव का मिळाले असावे? दोहोंचे काम एकाच गोष्टीवर चालते, ते म्हणजे रुंद पात्याची कापणारी कड. ही कड आपोआप टिकत नाही. ती कोणीतरी हाताने पुन्हा पुन्हा घडवावी लागते. शिकारी बाणाच्या पात्याला कानशीने धार लावण्याचे कसब म्हणूनच केवळ शिकारीच्या इतिहासात मावत नाही. त्यात लोहार येतो, कायदा येतो, कालवा येतो आणि ऊसतोडही येते.

३/
प्रथम पात्याचे काम समजून घेतले पाहिजे. बंदुकीची गोळी प्रचंड वेगाच्या आघाताने इजा करते. बाणाचा वेग त्या मानाने फार कमी. रुंद पात्याचा बाण जनावराला पाडतो तो रक्तवाहिन्या कापून. धार बोथट असेल तर लवचिक रक्तवाहिनी पात्यापुढून सरकते आणि जखमी जनावर दूर पळून, तडफडत मरते. धार तीक्ष्ण असेल तर वाहिनी स्वच्छ कापली जाते आणि रक्तस्राव लवकर थांबत नाही. शिकाऱ्याच्या दृष्टीने धार हा म्हणूनच नीतीचाही प्रश्न ठरतो.

४/
आता प्रदेशाकडे वळू. वडगाव निंबाळकर नीरा नदीच्या उत्तरेस, बारामती-नीरा रस्त्यावर वसलेले आहे. नदीपलीकडे निंबाळकरांचे फलटण. हा सारा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस. कालवा येण्यापूर्वीचे येथील रूप म्हणजे माळरान, बाभळी, बाजरीची शेते आणि त्यांत वावरणारी काळवीट, चिंकारा, ससे, तितर. पारध आणि शेती या प्रदेशात शेजारी-शेजारीच नांदत होत्या.

५/
धारेचा येथील सर्वात जुना पुरावा दगडाचा आहे. बारामती तालुक्यातीलच मोरगाव येथे, कऱ्हा नदीच्या काठी, अश्मयुगीन मानवाची हातकुऱ्हाडीसारखी अवजारे सापडली आहेत. त्याच परिसरातील ज्वालामुखीय राखेच्या थरामुळे हे स्थळ संशोधकांत प्रसिद्ध आहे. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे १९६८ पासून डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी ताम्रपाषाणयुगीन गाव उजेडात आणले. तेथील लोक तांबे काटकसरीने वापरत. रोजच्या कापाकापीसाठी गारगोटीच्या जातीच्या दगडाची पातळ पातीच त्यांच्या उपयोगी पडत.

६/
दगडी पाते सुरुवातीला अतिशय तीक्ष्ण असते. परंतु ते बोथट झाले की कड पुन्हा छिलावी लागते आणि दर वेळी पाते लहान होते. बारीक पाते तर काढून टाकून नवेच बसवावे लागते. धातूने हे गणित बदलले. घासून घासून तीच कड पुन्हा उभी करता येऊ लागली. धार 'लावणे' ही वस्तू घडवण्याहून वेगळी, आयुष्यभर चालणारी क्रिया झाली.

७/
महाराष्ट्रात लोखंडाचा जुना आणि भक्कम पुरावा विदर्भात मिळतो. नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात सापडली. तिचा काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासचा मानतात. माहुरझरीसारख्या ठिकाणच्या शिलावर्तुळांखाली कुऱ्हाडी, छिन्न्या, सुऱ्या आणि बाणांची अग्रे अशा लोखंडी वस्तू मृतांसोबत पुरलेल्या आढळतात. धार असलेली वस्तू परलोकातही लागेल, असे त्या माणसांना वाटत असावे.

८/
पुढे संस्कृत ग्रंथांनी बाणाग्रांचे वर्गीकरण केले. १३६३ मधील शार्ङ्गधरपद्धतीतील धनुर्वेदाच्या प्रकरणात आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत अशी नावे येतात. प्रत्येकाचे काम निराळे. सूचीमुख सुईसारखे टोचते, क्षुरप्र आणि अर्धचंद्र कापतात. पात्याला पाणी देण्यासाठी पिंपळी, सैंधव आणि कोष्ठ गोमूत्रात वाटून लेप करण्याची कृतीही या परंपरेत नोंदलेली आहे.

९/
धारेविषयी सर्वात बारकाईने लिहिले आहे ते मात्र एका वैद्यकग्रंथाने. सुश्रुतसंहिता शस्त्रांच्या धारेची जाडी कामानुसार ठरवून देते : भेदनासाठी मसुराएवढी, खरवडण्यासाठी त्याच्या निम्मी, वेधासाठी केसाएवढी आणि छेदनासाठी अर्ध्या केसाएवढी. धार लावण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा आणि ती टिकवण्यासाठी सावरीच्या लाकडाची फळी. केस कापला गेला की शस्त्र तयार झाले, अशी कसोटीही त्यात आहे.

१०/
याच ग्रंथात शस्त्राला 'पायना' देण्याचे तीन प्रकार आहेत : क्षारात, पाण्यात आणि तेलात. पायना म्हणजे पाजणे. मराठी लोहार आजही तापलेल्या पोलादाला 'पाणी देतो' किंवा 'पाणी पाजतो'. शरीरात रुतलेला बाण किंवा हाड कापणाऱ्या शस्त्रासाठी सुश्रुत क्षाराची पायना सांगतो. बाणाचे पाते आणि तो बाण काढणाऱ्या वैद्याचे शस्त्र, दोघांची विद्या एकाच भट्टीशी बसून शिकलेली होती.

११/
कानशीचे स्थान येथे येते. कानस म्हणजे दात पाडलेली कठीण पोलादाची पट्टी. पोलाद मऊ असताना छिन्नीने एकेक दात उठवायचा आणि मग पाणी देऊन ती कठीण करायची, ही जुनी पद्धत. इंग्लंडमधील शेफील्ड शहर हाताने दात पाडलेल्या कानशींसाठी नावाजलेले होते. अमेरिकेत विल्यम निकोल्सन याने १८६४ मध्ये यंत्राने दात पाडणारा कारखाना काढला. महाराष्ट्रातही पुढे ठाणे, रत्नागिरी आणि चिपळूण परिसरात कानशींचे उत्पादन उभे राहिले.

१२/
कानस आणि पाते यांच्यात कठीणपणाचा एक समझोता असतो. पाते कानशीपेक्षा मऊ हवे, नाहीतर दात त्याला धरतच नाहीत. लोहार पाणी नीट बसले की नाही हे याच खुणेवरून ओळखतो : कानस घसरली तर पोलाद कडक, चावली तर मऊ. फार मऊ पात्याची धार एका घावात वळते. फार कडक पात्याची कड तुटते. हाताने धार लावायचे पाते या दोन टोकांच्या मधोमध असावे लागते.

१३/
शिकण्याची पहिली पायरी म्हणजे कोन. रुंद पात्याच्या बाणाला प्रत्येक बाजूने साधारण २० ते २५ अंशांचा उतार देतात. उतार कमी तर धार नाजूक, जास्त तर बोथट. नवशिक्याचा हात प्रत्येक फटक्याला थोडा डुलतो आणि कडेचा सपाट उतार गोल होतो. म्हणून शिकणारे उतारावर काळी शाई फासतात. कानस फिरवल्यावर शाई कोठे उरली हे पाहिले की हाताची चूक डोळ्यांना दिसते.

१४/
दुसरी पायरी म्हणजे दिशा. कानस पुढे ढकलताना कापते. मागे ओढताना ती उचलायची असते, घासायची नसते. दात धातूच्या कणांनी भरले की ब्रशने साफ करायचे. आधी खडू चोळून ठेवला तर कण कमी अडकतात. जोर लावून काम लवकर होत नाही. उलट खोल चरे पडतात आणि ते घालवण्यासाठी आणखी धातू घासावा लागतो.

१५/
तिसरी पायरी सर्वात महत्त्वाची. एका बाजूने पुरेसे घासले की पलीकडच्या बाजूला तारेसारखी बारीक कड उलटून येते. नखाला ती लागते. ती टोकापासून बुडापर्यंत सलग आली, म्हणजे कानस खऱ्या धारेपर्यंत पोहोचली. मग पाते पालटायचे, दुसरी बाजू घासायची आणि शेवटी एकेक हलका फटका देत ती तार झाडून टाकायची. चामड्यावर चार वेळा ओढले की धार बसते. बहुतेकांची धार बिघडते ती तार येण्यापूर्वीच पाते पालटल्यामुळे.

१६/
महाराष्ट्राच्या गावगाड्यात हे काम वाटून दिलेले होते. बलुतेदार लोहार फाळ, कुदळ, विळा घडवत असे आणि झिजलेले अवजार भट्टीत तापवून, ठोकून त्याची कड पुन्हा काढत असे. पश्चिम महाराष्ट्रात त्याला 'शेवटणे' म्हणतात. मोबदला सुगीच्या धान्यात. शेवटलेल्या अवजाराला पुढची रोजची धार मात्र शेतकरी स्वतःच लावी. घडवण्याची विद्या जातीपुरती राहिली, धार राखण्याची विद्या घरोघर पोहोचली.

१७/
लोहाराखेरीज दोन समाज धारेशी बांधलेले होते. घिसाडी हे गाढवांवर भाता आणि ऐरण लादून गावोगाव फिरणारे लोहार. त्यांचे नावच घिसण्याशी, म्हणजे घासण्याशी जोडले जाते. दुसरे शिकलगार. तलवारी, कट्यारी घासून उजळणे आणि त्यांना धार लावणे हा त्यांचा वंशपरंपरेचा धंदा. संस्थानांच्या फौजा मोडल्या आणि तलवारीची मागणी संपली, तेव्हा शिकलगारांच्या सहाणेवर कात्र्या, वस्तरे आणि अडकित्ते आले.

१८/
बाणाचे पाते रोजच्या वापरात टिकले ते डोंगराळ भागात. खानदेश आणि सातपुड्यातील भिल्लांचे धनुष्य बांबूचे, दोरीही बहुधा बांबूच्या सालीची. मोठ्या जनावरासाठी भाल्याच्या आकाराचे लोखंडी पाते, पाखरांसाठी बोथट लाकडी टोक. म्हणजे कापणारे अग्र कोठे हवे आणि कोठे नको, याचे शास्त्र त्यांच्याकडे पक्के होते. पाते स्थानिक लोहाराकडून घ्यायचे आणि धार स्वतः राखायची, हाच तेथलाही रिवाज.

१९/
नीरा-भीमेच्या माळावरची पारध वेगळी होती. येथील फासेपारध्यांचे मुख्य साधन बाण नव्हते, तर फासे. हरणाच्या वाटेवर फास मांडायचे आणि कळप त्या दिशेने हाकायचा. फासात अडकलेल्या जनावराजवळ पोहोचल्यावर मात्र सुरीच लागे. एकाच्या कौशल्याचा भर गाठीवर, दुसऱ्याच्या पात्यावर. पण दोघांचेही पोट मोकळ्या रानावर अवलंबून होते.

२०/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या सर्वांभोवती कायद्याचे कुंपण आले. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा झाला. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि पारध्यांसह अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले गेले. हजेरी, परवानगीवाचून प्रवासास बंदी, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहती. हा कायदा रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती 'विमुक्त' झाल्या. संशयाचा डाग मात्र कागदावरून पुसला गेला तितक्या लवकर मनातून गेला नाही.

२१/
दुसरा कायदा १८७८ चा शस्त्र अधिनियम. त्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत बंदुका, तलवारी, खंजीर, भाले आणि भाल्यांची पाती यांच्यासोबत धनुष्यबाणही नावानिशी घातलेले होते. स्वातंत्र्यानंतर १९५९ च्या अधिनियमाने केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी असलेल्या वस्तू शस्त्राच्या व्याख्येबाहेर ठेवल्या. क्षुरप्र आणि खुरपे या एकाच नावाच्या दोन रूपांमधून कायद्याची रेघ गेली : एक शस्त्र, दुसरे अवजार.

२२/
त्याच काळात माळाचे रूपही बदलत होते. १८७६-७७ च्या दुष्काळात नीरा डाव्या कालव्याचे काम दुष्काळी काम म्हणून हाती घेतले गेले आणि १८८५ मध्ये कालवा सुरू झाला. वेळवंडी नदीवरील भाटघर धरणाचे पाणी नीरेतून वीरपर्यंत आणि तेथून कालव्याने बारामती-इंदापूरकडे येऊ लागले. वडगाव निंबाळकरसारख्या गावांच्या शिवारात गवताची जागा हळूहळू उसाने घेतली. पारधीचे रान बागाईत झाले.

२३/
ऊस आला, त्याबरोबर कोयता आला. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर येथे सहकारी कारखाने झाले. बीड, अहमदनगर भागातून दर हंगामाला तोडणी कामगार येऊ लागले. त्यांच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. उचल कोयत्यावर मिळते, मोजदादही कोयत्यावर होते. हत्याराचे नाव माणसांना मिळाले.

२४/
या कोयत्याची धार कानशीच राखते. बोथट कोयत्याने एका ऊसाला दोन घाव लागतात. दिवसभरात त्या जादा घावांचा भार खांदा आणि मनगट उचलतात, आणि मजुरी मात्र टनावर मिळते. म्हणून फडात कोयत्यासोबत कानस असतेच. पात्याचा उतार, एकाच दिशेचा फटका, पलीकडे येणारी तार, हे सारे शिकारी बाणाच्या पात्याला लागते तेच. त्याची शाळा नाही. थोरल्याचा हात पाहून धाकटा शिकतो.

२५/
जगाच्या दुसऱ्या टोकाला ही विद्या वेगळ्या वाटेने जिवंत झाली. १९११ मध्ये कॅलिफोर्नियात 'इशी' या नावाने ओळखला गेलेला याही जमातीचा अखेरचा माणूस समोर आला. काच आणि ज्वालाकाच छिलून तो बाणाग्रे बनवी. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले. पोप यांनी पुढे पोलादी रुंद पाती वापरली आणि १९२३ मध्ये धनुष्यबाणाच्या शिकारीवर पुस्तक लिहिले. एका संपत आलेल्या जमातीची कला तेथे हौशी लोकांचा छंद बनली.

२६/
त्या छंदाने बाजारपेठही घडवली. १९५६ मध्ये फ्रेड बेअर यांनी बदलता येणारी वस्तऱ्यासारखी पातळ पाती घातलेले बाणाग्र आणले. पाते बोथट झाले की काढायचे आणि नवे घालायचे. धातूने दिलेली सोय माणसाने अशा रीतीने परत केली. इनामगावच्या दगडी पात्यासारखेच नवे पातेही टाकून देण्याजोगे झाले. तरीही तेथील जुन्या वळणाचे तिरंदाज अखंड पोलादी पाते कानशीने घासणे पसंत करतात आणि नवशिक्यांना ते शिकवतात.

२७/
भारतात मात्र ती वाट बंद आहे, आणि त्याला कारण आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर निर्बंध आणले. १९९१ च्या दुरुस्तीने ते आणखी कडक झाले. त्या कायद्यातील हत्याराच्या व्याख्येतही धनुष्यबाण, सुऱ्या, जाळी आणि फासे आहेत. बारामती तालुक्यातील सुपे येथे १९९७ मध्ये चिंकाऱ्यासाठी मयुरेश्वर अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. माळ इतका आक्रसल्यावर पारधीचा हक्क मागायला रानच उरलेले नाही.

२८/
या हिशेबात एक विषमता राहून गेली आहे. माळ संपवला तो कालवा, ऊस, वस्त्या आणि बंदुकीने. गुन्हेगार ठरले ते फासा मांडणारे. हरिण वाचवणे आवश्यकच आहे. परंतु ज्यांचे ज्ञान आणि पोट दोन्ही त्या रानावर होते, त्यांना रान गेल्यावर जमीन किंवा दुसरा हुन्नर क्वचितच मिळाला. धारेचा इतिहास सांगताना ही बाजू गाळली तर तो केवळ हत्यारांचा संग्रह होईल.

२९/
आज कसबाला नवा धोका विजेच्या सहाणेचा आहे. ती क्षणात कड काढते. पण घर्षणाने पाते निळे पडेपर्यंत तापले तर पोलादाचे 'पाणी उतरते' आणि धार लवकर बसते. कानशीने तसे होत नाही, कारण हाताच्या वेगाला पोलाद तापतच नाही. फडातल्या अनेक जुन्या हातांना याचे शास्त्र शब्दांत सांगता येणार नाही, पण विजेच्या सहाणेवर कोयता देताना ते का कचरतात, याचे उत्तर हेच.

३०/
क्षुरप्र बाण आता ग्रंथांत आणि वस्तुसंग्रहालयांत आहे. त्याचे नाव मात्र नीरेच्या काठी दररोज उच्चारले जाते, बहुतेक वेळा बायकांच्या तोंडी, कारण खुरपणी त्यांच्याकडेच आहे. खुरपे बोथट झाले की बांधावरच्या दगडावर किंवा कानशीवर चार वेळा घासले जाते आणि काम पुढे सुरू होते. योद्ध्यांची आणि शिकाऱ्यांची म्हणून लिहिली गेलेली ही विद्या सर्वाधिक काळ सांभाळली ती शेतात वाकलेल्या माणसांनी.